वाचकांचे प्रश्न : केन हॅम यांचे दौरे, त्यांचे तारू आणि सह्याद्रीचा काळा पाषाण

या वेळचे सगळे प्रश्न केन हॅम आणि त्यांच्या निर्मितीवादी प्रचारकार्याबद्दलचे आहेत. पृथ्वी सहा दिवसांत निर्माण झाली व तिचे वय सुमारे सहा हजार वर्षे आहे, अशी या प्रचाराची मांडणी आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत. श्रद्धेची टिंगल या सदरात होणार नाही. मात्र खडक, लाकूड आणि तारखा यांबद्दल जे सांगितले जाते ते तपासून पाहणे आम्ही आमचे काम मानतो.

प्रश्न (अहिल्यानगर) : हॅम हे पाळक आहेत की शास्त्रज्ञ? त्यांचे फिरणे कधी व कसे सुरू झाले?

मूळचे शाळामास्तर, ही त्यांची सर्वांत नेमकी ओळख. जन्म २० ऑक्टोबर १९५१, ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात, केर्न्स येथे. वडीलही शिक्षक, त्यामुळे त्यांच्या बदल्यांबरोबर घर गावोगाव फिरले. हॅम यांनी ब्रिस्बेनला उपयोजित विज्ञानाची पदवी घेतली, मग शिक्षणशास्त्राची पदविका, आणि १९७५ पासून ते माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवू लागले. त्याच सुमारास जॉन व्हिटकम व हेन्री मॉरिस यांचे जलप्रलयावरचे १९६१ चे पुस्तक त्यांच्या हाती आले. व्हिटकम जुन्या कराराचे अध्यापक, मॉरिस जलशास्त्राचे अभियंते. जगातले बहुतेक जीवाश्म पवित्र शास्त्रातल्या नोहाच्या एका वर्षाच्या प्रलयात गाडले गेले, हा त्या पुस्तकाचा दावा. हॅम यांचे पुढचे सगळे काम याच दाव्यावर उभे आहे.

१९७९ मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि पत्नीसह राहत्या घरातून शाळांना निर्मितीवादी साहित्य पुरवायला सुरुवात केली. क्वीन्सलँडच्या सरकारी शाळांत तेव्हा त्याला परवानगी होती. १९८० मध्ये अ‍ॅडलेडच्या कार्ल वीलंड यांच्या गटाबरोबर संस्था एकत्र झाली. जानेवारी १९८७ मध्ये हॅम सहकुटुंब अमेरिकेत गेले आणि मॉरिस यांनी कॅलिफोर्नियात स्थापन केलेल्या संशोधन संस्थेसाठी व्याख्यानदौरे करू लागले.

पुढचे सगळे समजून घ्यायचे तर इथे एक तारीख लक्षात ठेवावी. त्याच वर्षी १९ जूनला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लुइझियाना राज्याचा कायदा रद्द केला. शाळेत उत्क्रांती शिकवली तर निर्मितीविज्ञानही शिकवले पाहिजे, असा तो कायदा होता. सरकारी शाळेचे दार असे बंद झाले. उरल्या ख्रिस्ती मंडळ्या, रविवारच्या शाळा आणि मुलांना घरीच शिकवणारे पालक. हॅम यांचे दौरे याच वर्गासाठी आखलेले होते, शास्त्रज्ञांसाठी ते कधीच नव्हते. १९९४ मध्ये त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर उत्तर केंटकीत स्वतःची संस्था काढली. तीच पुढे ‘आन्सर्स इन जेनेसिस’ या नावाने प्रसिद्ध झाली. अमेरिकेची जवळजवळ दोन तृतीयांश लोकसंख्या तिथून एका दिवसाच्या मोटारप्रवासात येते, हे जागा निवडण्याचे कारण संस्थेनेच सांगितले आहे. म्हणजे लोकांकडे जाणारा वक्ता लोकांना आपल्याकडे आणण्याची तयारी करत होता. २८ मे २००७ रोजी केंटकीतल्याच पीटर्सबर्गला २ कोटी ७० लाख डॉलर खर्चून बांधलेले संग्रहालय उघडले आणि पहिल्याच वर्षात ४ लाखांवर लोक आले. सभागृहे फिरून एका वर्षात इतके श्रोते एका माणसाला मिळणे कठीण.

ऑस्ट्रेलियातली मूळ शाखा २००६ मध्ये वेगळी झाली. ती आता ‘क्रिएशन मिनिस्ट्रीज इंटरनॅशनल’ या नावाने काम करते. क्वीन्सलँडच्या न्यायालयात गेलेला वाद २००९ मध्ये तडजोडीने मिटला. हातात पडलेली पुस्तिका कोणत्या संस्थेची आहे, ते म्हणून आधी पाहावे.

प्रश्न (मिरज) : त्यांच्या व्याख्यानाची रचना कशी असते? आमच्या मंडळीत इंग्रजी ध्वनिफीत लावून मराठीत भाषांतर करायचे आहे.

रचना वर्षानुवर्षे जवळपास तीच आहे. पहिला भाग चित्राचा : दोन किल्ले, एकाचा पाया माणसाचे वचन, दुसऱ्याचा देवाचे. पहिल्या किल्ल्यावरून दुसऱ्याच्या पायावर तोफा डागल्या जातात आणि गर्भपात, कुटुंबाची मोडतोड यांसारखे प्रश्न फुगे होऊन वर तरंगतात. पवित्र शास्त्रातल्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाचे पहिले अकरा अध्याय ढासळले की बाकीचे टिकत नाही, हा त्याचा अर्थ. दुसरा भाग इतिहासाच्या सात टप्प्यांचा : सृष्टी, पतन, जलप्रलय, बाबेलचा गोंधळ, ख्रिस्त, क्रूस, नवी सृष्टी. तिसरा भाग विज्ञानाचे दोन तुकडे करतो. प्रयोगशाळेत आज पाहता येते ते एक, भूतकाळाबद्दलचे दुसरे. यातूनच ‘तुम्ही तिथे होता का?’ हा प्रश्न येतो, जो मुलांना शिक्षकांसमोर विचारायला शिकवला जातो.

भाषांतरात तीन जागी घोटाळा होतो. सात टप्प्यांची इंग्रजी नावे एकाच अक्षराने सुरू होतात. मराठीत ती युक्ती चालत नाही, म्हणून अक्षर जुळवत बसू नका, क्रमांक द्या. दुसरी अडचण ‘थिअरी’ची. ‘उत्क्रांती ही नुसती थिअरी आहे’ हे वाक्य इंग्रजी बोलीत ‘नुसता अंदाज आहे’ असे ऐकू येते. मराठीत आपण तिला ‘सिद्धान्त’ म्हणतो, आणि सिद्धान्त म्हणजे कसोटीवर उतरलेले अनुमान. ‘नुसता सिद्धान्त’ म्हटले की वाक्य उलटते. विज्ञानातही त्या शब्दाचा अर्थ आपल्या ‘सिद्धान्ता’च्या जवळचाच आहे.

तिसरी अडचण सर्वांत मोठी. मराठी पवित्र शास्त्रात प्राणी ‘आपापल्या जातीप्रमाणे’ निर्माण झाले असे येते, आणि जीवशास्त्राच्या मराठी पुस्तकांतही ‘जाती’ हाच शब्द वेगळ्या अर्थाने आहे. ऐकणाऱ्याला वाटते, हॅम म्हणतात की एकही जाती बदललेली नाही. ते तसे म्हणत नाहीत. त्यांच्या मांडणीत उत्पत्तीतली ‘जात’ म्हणजे साधारण जीवशास्त्रातले कुल, अर्थात अनेक जवळच्या जातींचा गट. वाघ, सिंह, बिबट्या, चित्ता व घरचे मांजर एका मूळ जोडीपासून प्रलयानंतर वेगळे झाले, हे त्यांना मान्य आहे. ध्वनिफीत लावण्याआधी दोन मिनिटे हा फरक समजावून सांगावा, नाहीतर नंतरची चर्चा भलत्याच मुद्द्यावर होते.

मुलांच्या प्रश्नाबद्दल आमचे मत स्पष्ट आहे. ‘तुम्ही तिथे होता का?’ असे विचारणाऱ्या मुलाला गप्प करू नये, त्याला पंचनामा समजावावा. घर जळताना अधिकारी तिथे नसतात. तरी काजळी कोणत्या भिंतीवर जास्त आहे, काच वितळली की तडकली, तार कुठे गोळा झाली यावरून आग कुठून लागली ते कळते. खडकाचे वाचन त्याच पद्धतीने होते.

प्रश्न (पुणे) : केंटकीतले तारू खरेच पवित्र शास्त्रातल्या मापाचे आहे का? ते तरंगेल का?

हे तारू म्हणजे नोहाच्या तारवाची हॅम यांच्या संस्थेने बांधलेली पूर्ण मापाची प्रतिकृती. माप तंतोतंत हिशेबाने काढलेले आहे. उत्पत्ती ६:१५ मध्ये लांबी तीनशे हात, रुंदी पन्नास हात, उंची तीस हात आहे. आपला देशी हात धरला, म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत १८ इंच, तर तारू ४५० फूट लांब, ७५ फूट रुंद, ४५ फूट उंच येते. हॅम यांच्या संस्थेने प्राचीन राजेशाही बांधकामांत वापरला जाणारा लांब हात, २०.४ इंचांचा, धरला. ३०० गुणिले २०.४ म्हणजे ६,१२० इंच, अर्थात ५१० फूट. रुंदी ८५ फूट, उंची ५१ फूट. विल्यम्सटाउन येथे ७ जुलै २०१६ रोजी ते उघडले. उत्पत्ती ७:७ मध्ये नोहा तारवात शिरतो, म्हणून ती तारीख. खर्च १० कोटी डॉलरच्या वर गेला. त्यातले ६ कोटी २० लाख शहराने काढलेल्या रोख्यांतून उभे राहिले. कर्मचाऱ्यांना संस्थेच्या श्रद्धापत्रावर सही करावी लागते. त्यावरून राज्य सरकारने विक्रीकराची सवलत नाकारली होती, पण जानेवारी २०१६ मध्ये संघीय न्यायालयाने संस्थेच्या बाजूने निकाल दिला.

लाकूडकाम उत्कृष्ट आहे आणि त्याचा मोठा भाग आमिश या साधेपणाने राहणाऱ्या ख्रिस्ती पंथातल्या सुतारांचा आहे. पण ही पायावर उभी केलेली इमारत आहे, जहाज नव्हे. एका बाजूला लिफ्ट व स्वच्छतागृहांसाठी काँक्रीटचे तीन मनोरे आहेत, आणि मोठे सांधे पोलादी जोडांनी धरलेले आहेत.

तरंगण्याचे उत्तर ‘वायोमिंग’ या जहाजात मिळते. १९०९ मध्ये अमेरिकेत बांधलेले हे सहा डोलकाठ्यांचे लाकडी जहाज पुढच्या व मागच्या सोटांसह ४५० फूट होते, डेक सुमारे ३५० फूट. इतका लांब लाकडी सांगाडा लाटेवर चढला की मध्ये उचलला जातो व टोके खाली वाकतात. लाट टोकांशी गेली की उलट होते. दर वाकण्यात फळ्या एकमेकींवर सरकतात, सांध्यांतले भरण सुटते आणि पाणी आत येते. ‘वायोमिंग’च्या सांगाड्याला लोखंडी पट्ट्या होत्या, पाणी उपसायला पंप होते, तरी १९२४ मध्ये ते वादळात सगळ्या खलाशांसह बुडाले. हॅम यांच्या बाजूचे उत्तर असे की प्राचीन जहाजांत फळ्या कुसू व खोबणीने एकमेकींत अडकवत, त्यामुळे त्या सरकत नसत. ती पद्धत खरी आहे. मात्र ५१० फुटांवर ती टिकते, हे तरंगणाऱ्या जहाजाने दाखवलेले नाही.

आमच्या मते खरी अडचण लाकडात नाही, प्राण्यांच्या हिशेबात आहे. संस्थेच्या गणनेनुसार तारवात सुमारे १,४०० ‘जाती’ व सात हजारांच्या आत प्राणी होते, डायनोसॉरची पिल्लेही त्यात धरून. प्रलयाचे साल ते इ.स.पू. २३४८ धरतात. आज सस्तन, पक्षी, सरीसृप व उभयचर मिळून ३५ हजारांहून अधिक जाती ज्ञात आहेत. सुमारे ४,३७० वर्षांत १,४०० पासून ३५ हजार म्हणजे दर वर्षी सात-आठ नव्या जाती, तेही नामशेष झालेल्या न मोजता. इतकी वेगवान उत्क्रांती कोणताही उत्क्रांतिवादी जीवशास्त्रज्ञ मागत नाही. शिवाय इ.स.पू. २६०० ते १९०० हा सिंधू संस्कृतीच्या भरभराटीचा काळ. मोहेंजोदडो व धोलावीराची वस्ती मधल्या २३४८ च्या आसपास पाण्याखाली जाऊन सगळी माणसे संपल्याची खूण उत्खननात नाही. विटा, वजने, मुद्रा त्याच परंपरेत चालू राहतात.

प्रश्न (ठाणे) : बिल नाय यांच्याशी झालेल्या वादात कोण जिंकले?

नाय हे दूरचित्रवाणीवरून विज्ञान समजावणारे अमेरिकन प्रसारक. वाद झाला ४ फेब्रुवारी २०१४ रोजी, हॅम यांच्याच संग्रहालयात, दूरचित्रवाणी पत्रकार टॉम फोरमन यांच्या सूत्रसंचालनात, सुमारे अडीच तास. नाय यांनी बर्फाच्या गाभ्यातले ६ लाख ८० हजार वार्षिक थर आणि सहा हजार वर्षांहून जुनी झाडे पुढे केली. मत कशाने बदलेल, या प्रश्नावर नाय म्हणाले, पुराव्याने. हॅम म्हणाले की देवाचे वचन खरे नाही हे त्यांना कोणीही पटवू शकणार नाही. हे उत्तर प्रामाणिक होते आणि वादाचा निकाल त्यातच आहे : एक बाजू निष्कर्ष तपासायला बसली होती, दुसरी तो धरूनच आली होती. व्यवहारात फायदा मात्र हॅम यांना झाला. त्याच महिन्याच्या अखेरीस त्यांनी तारवाचे बांधकाम पुढे जाणार असल्याचे जाहीर केले आणि रोख्यांच्या विक्रीला वादाची मदत झाल्याचे सांगितले. आपल्याकडे असा वाद ठेवणाऱ्यांनी मंच, तिकीट व चित्रणाचे हक्क कोणाचे, हे आधी ठरवावे.

प्रश्न (वाई) : सह्याद्रीचा काळा पाषाण जलप्रलयाच्या वर्षात साचला, असे एका प्रवचनात ऐकले. आम्हाला स्वतः पडताळता येईल का?

येईल, आणि वाईकरांना फार लांब जायला नको. महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरणारा आंबेनळी घाट धरा. या भागात लाव्ह्याचे थर एकावर एक सुमारे १,२०० मीटर उंचीपर्यंत दिसतात. भूशास्त्रज्ञांनी त्यांच्या गटांना पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर अशीच नावे दिली आहेत. पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, कडे धुतलेले असताना जा. दरडीच्या जागी थांबू नका.

प्रथम एक थर ओळखा. खालचा व मधला भाग घट्ट असतो, वरच्या भागात वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या असतात आणि त्यांत झिओलाइट हे पांढरे खनिज भरलेले दिसते. मग दोन थरांच्या मधली तांबडी पट्टी शोधा, काही इंचांपासून दोन-तीन फुटांपर्यंत जाड. लाव्हा थंड झाला, उघड्यावर हवापाण्याने झिजला, त्याची माती झाली, आणि पुढचा लाव्हा तिच्यावरून वाहताना ती भाजली. अशा पट्ट्या एकच नाही, वर चढत जाल तशा पुन्हा पुन्हा भेटतात. पाण्याखाली ओतलेला लाव्हा उशांच्या ढिगासारखा गोल गोल गोठतो. दख्खनमध्ये तसे खडक मुंबईसारख्या मोजक्या जागी, स्थानिक तळ्यांत, आढळतात. बाकी बहुतांश थर उघड्या जमिनीवर पसरलेले आहेत. घाटमाथ्यावरचा जांभाही बेसॉल्टच्या, म्हणजे याच काळ्या पाषाणाच्या, दीर्घ झिजेतूनच तयार झाला.

मुंबईत वरळीच्या टेकडीत तर लाव्ह्याच्या थरांमध्ये गोड्या पाण्याच्या तळ्याचा गाळ सापडला आणि त्यात बेडकांचे सांगाडे. दोन उद्रेकांच्या मधे तळे साचले, त्यात बेडूक जगले, मेले, गाळात रुतले. सगळी पृथ्वी बुडवणाऱ्या एका वर्षाच्या प्रलयात या तळ्याला जागाच नाही.

प्रवचनात बहुधा पुढचा मुद्दा येईल : ‘किरणोत्सारी कालमापन चुकते, दहा वर्षांच्या दगडाचे वय साडेतीन लाख वर्षे आले.’ ही गोष्ट घडलेली आहे. अमेरिकेतल्या माउंट सेंट हेलेन्सच्या १९८६ च्या लाव्ह्याचा नमुना निर्मितीवादी भूशास्त्रज्ञ स्टीव्ह ऑस्टिन यांनी पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने (पोटॅशियमपासून हळूहळू तयार होणाऱ्या आर्गॉन वायूवरून खडकाचे वय काढण्याची रीत) मोजून घेतला आणि सुमारे ३ लाख ५० हजार वर्षे आली. चूक कुठे झाली? त्या लाव्ह्यात आधीच तयार झालेले स्फटिक होते आणि त्यांच्यात जुना आर्गॉन अडकलेला होता. शिवाय इतक्या कोवळ्या खडकात आर्गॉन नगण्य असतो, त्यामुळे साध्या यंत्राची चूकच मापापेक्षा मोठी होते. किराणा दुकानाच्या वजनकाट्यावर मोहरीचा एक दाणा तोलण्यासारखे ते आहे. आता हीच चूक दख्खनच्या ६ कोटी ६० लाख वर्षांत धरून पाहा : साडेतीन लाख म्हणजे जेमतेम अर्धा टक्का. शिवाय दख्खनचे वय एका पद्धतीवर टेकलेले नाही. तांबड्या पट्ट्यांत सापडलेल्या झिरकॉन स्फटिकांचे युरेनियम-शिसे मापन आणि बेसॉल्टचे आर्गॉन-आर्गॉन मापन, दोन्ही त्याच काळाकडे येतात.

प्रश्न (वसई) : कॅथलिकांनी हे मानणे आवश्यक आहे का?

नाही. पोप बारावे पायस यांनी १९५० च्या परिपत्रकात मानवी शरीराच्या उत्क्रांतीवर चर्चेला वाट मोकळी ठेवली. आत्मा मात्र थेट देवाकडून, ही अट घालून. २२ ऑक्टोबर १९९६ रोजी दुसऱ्या जॉन पॉल यांनी उत्क्रांती ही आता निव्वळ गृहीतकापेक्षा अधिक आहे असे म्हटले.

प्रश्न (सोलापूर) : ‘डार्विनने मरताना उत्क्रांती नाकारली’ हा संदेश पुढे पाठवावा का?

पाठवू नका. ते खोटे आहे. डार्विनच्या मुलांनीच ते नाकारले होते. हॅम यांची संस्था व ऑस्ट्रेलियन संस्था, दोघींनीही ‘निर्मितीवाद्यांनी वापरू नयेत असे युक्तिवाद’ प्रसिद्ध केले आहेत आणि त्यांत हा आहे. हे त्यांचे काम आम्हाला मनापासून आवडते.

प्रश्न (मिरज) : अमेरिकेतला वक्ता पर्यटक व्हिसावर येऊन आमच्या चर्चमध्ये बोलू शकेल का?

नाही. पर्यटकाला प्रार्थनास्थळी जाता येते, प्रवचन ऐकता येते. प्रवचन देणे, धार्मिक पत्रके वा चित्रफिती वाटणे याला परवानगी नाही. त्यासाठी मिशनरी व्हिसाचा वेगळा प्रकार आहे. अर्ज वक्त्याने त्याच्या देशातल्या भारतीय वकिलातीत, प्रवासाच्या बऱ्याच आधी करायचा. पाहुणा तुमच्या आवारात उतरला तर २४ तासांत त्याची माहिती ठरलेल्या फॉर्मवर (पूर्वीचा ‘फॉर्म सी’) नोंदणी अधिकाऱ्याला कळवणे यजमानाची जबाबदारी आहे. परदेशातून देणगी घ्यायची तर परदेशी अंशदान कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी.

प्रश्न (नाशिक) : मुलीकडे ओहायोला जाणार आहोत. हे सगळे दोन दिवसांत पाहता येईल का?

येईल. पहिला दिवस हॅम यांच्या दोन ठिकाणांना द्या. सिनसिनाटीचा विमानतळ मुळात केंटकी राज्यातच आहे. संग्रहालय २७५ क्रमांकाच्या महामार्गावर एक्झिट ११ ला, तारू ७५ क्रमांकाच्या महामार्गावर एक्झिट १५४ ला. मध्ये मोटारीने पाऊण तास. तारवाला सकाळी लवकर पोहोचा. गाडी दूर लावून बसने आत जावे लागते, आणि तिन्ही मजले उतारांवरून चढायचे, नीट पाहायला तीन-चार तास लागतात. ज्येष्ठांना लिफ्ट आहे. आतले प्राणी प्रतिकृती आहेत, जिवंत प्राणी शेजारच्या छोट्या प्राणिसंग्रहालयात.

दुसरा दिवस याच भागातल्या खडकांना द्या, कारण हॅम यांचे संग्रहालय ज्या खडकावर उभे आहे तो जगप्रसिद्ध आहे. सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्राचा हा तळ, चुनखडी व शेल (चिखलापासून बनलेला मऊ खडक) यांचे पातळ थर आलटून पालटून. शेरॉनव्हिल येथील ट्रॅमेल फॉसिल पार्कमध्ये प्रवेश मोफत आहे आणि सापडलेले जीवाश्म घरी नेता येतात. पाऊस पडून गेल्यावर जा, माती धुऊन शिंपले वर येतात. पाण्याची बाटली, जुना टूथब्रश, भिंग व डब्या एवढे पुरे. चुनखडीच्या फरशांवर कठीण झालेल्या समुद्रतळाला चिकटून वाढलेले प्राणी आणि चिखलात पोखरलेली बिळे शोधा. तळ कठीण होणे, त्यावर प्राणी वाढणे, मग पुन्हा गाळ पडणे, हे सगळे होण्यासाठी शांत पाणी आणि वेळ लागतो. ट्रायलोबाइट हे नामशेष झालेले कवचधारी समुद्री प्राणी बहुधा तुकड्यांत मिळतात, कारण ते वाढताना कवच टाकत. आख्खा हवा असेल तर चुनखडी सोडून मऊ शेलमध्ये पाहा. तिथे तो अंग गोल मिटून, वाटाण्यापासून सुपारीएवढ्या गोळ्यासारखा सापडतो.